‘असंख्य’ म्हणजे किती? यवतमाळच्या कॉलेज हॉकीचा आणि प्रशिक्षकांच्या कारकिर्दीचा हिशेब



आजचा विषय आकड्यांचा आहे. इतिहासाच्या व्याख्यानात हॉकीचे आकडे कशाला, असं काहींच्या मनात येईल. म्हणून सुरुवात एका शब्दापासून करतो. आपल्याकडे कॉलेजातले खेळाचे सर निवृत्त होतात, तेव्हा शाल-श्रीफळ होतं, भाषणं होतात, आणि प्रत्येक भाषणात एक वाक्य ठरलेलं असतं: “सरांनी असंख्य खेळाडू घडवले.” हा ‘असंख्य’ शब्द जरा नीट बघा. ज्याची संख्या नाही ते असंख्य. बोलणाऱ्याला म्हणायचं असतं की खूप घडवले. पण शब्द खरं सांगून जातो: कोणी मोजले नाहीत.

गणिताचे सर निवृत्त झाले तर निकालांचे कागद विद्यापीठात असतात. संशोधन केलेल्या प्राध्यापकांचे लेख कुठंतरी छापलेले असतात. खेळाच्या सरांचं काम मात्र मैदानावर होतं आणि संध्याकाळी मैदानावरच संपतं. तीस-पस्तीस वर्षांच्या अशा कारकिर्दीचा हिशेब मांडता येईल का, कसा मांडावा, आणि तो मांडला नाही तर नुकसान कोणाचं होतं, एवढंच आज बोलणार आहे.

एका ओळीत मावणारी पन्नास वर्षं

जगात एक ठिकाण असं आहे की जिथं कॉलेजच्या हॉकी प्रशिक्षकाची सगळी कारकीर्द एका ओळीत सांगता येते. ते म्हणजे अमेरिका. तिथली हॉकी बर्फावरची. पायात स्केट्स, चेंडूच्या जागी रबराची चकती, मैदानात एका वेळी गोलरक्षक धरून सहा खेळाडू. खेळ आपल्यापेक्षा वेगळा आहे, पण आपल्याला आज खेळ बघायचा नाही, वही बघायची आहे.

जेरी यॉर्क नावाचे एक प्रशिक्षक होऊन गेले. होऊन गेले म्हणजे निवृत्त झाले, 2022 साली. 1972 मध्ये क्लार्कसन या कॉलेजात त्यांनी सुरुवात केली. 1979 ला ते बोलिंग ग्रीनला गेले आणि 1994 पासून शेवटपर्यंत बोस्टन कॉलेजात राहिले. एकूण पन्नास हंगाम. त्यांची ओळ अशी आहे: 1,123 विजय, 707 पराभव, 127 बरोबरी. राष्ट्रीय विजेतेपदं पाच: 1984, 2001, 2008, 2010 आणि 2012. यातलं पहिलं बोलिंग ग्रीनचं, बाकी चार बोस्टन कॉलेजची.

त्यांच्या आधी सर्वाधिक विजयांचा विक्रम रॉन मेसन यांच्या नावावर होता, 924 विजयांचा. यॉर्क यांनी तो 2012 च्या डिसेंबरात मोडला. पण एकाच कॉलेजातले सर्वाधिक विजय विचाराल तर तिथं यॉर्क मागे पडतात. तो मान जॅक पार्कर यांचा. बोस्टन युनिव्हर्सिटीत 1973 ते 2013 अशी चाळीस वर्षं ते एकाच संघाला शिकवत राहिले आणि 897 सामने जिंकले. म्हणजे तिथं वादसुद्धा आकड्यांवर होतो. सगळ्यांत मोठा कोण, तीन घरं फिरून जास्त जिंकणारा की एका घरात राहून जिंकणारा? दोन्ही बाजूंच्या हाती कागद आहे.

आता हिशेबाची एक पद्धत लक्षात ठेवा, पुढं लागेल. विजयाची टक्केवारी काढताना तिथं बरोबरीतला सामना अर्धा विजय धरतात. यॉर्क यांचे एकूण सामने 1,957. विजय 1,123 आणि 127 बरोबऱ्यांचे अर्धे साडेत्रेसष्ट. बेरीज 1,186.5. भागाकार केला की 60.6 टक्के येतात. कोणीही वहीवर पडताळून बघावं. नोंदीचं हेच मोल असतं, सांगणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागत नाही.

तोच फुटपट्टा इथं का चालत नाही

लगेच कोणी म्हणेल, मग आपणही असंच करू. आपल्या सरांचे विजय मोजू. थांबा. इथं गणित आडवं येतं.

यॉर्क यांच्या 1,957 सामन्यांना पन्नास हंगामांनी भागा. वर्षाला सुमारे 39 सामने येतात. कारण तिथं साखळी असते, महिनोन् महिने चालणारा हंगाम असतो. आपली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा साधारणपणे बाद पद्धतीची. हरलात की पिशवी उचला आणि एस.टी. गाठा.

समजा स्पर्धेत सोळा कॉलेजं उतरली. विजेत्या संघाला चार सामने जिंकायचे असतात. आता असा एक प्रशिक्षक कल्पनेत आणा की जो तीस वर्षं, दरवर्षी, न चुकता विजेता ठरला. एकही सामना हरला नाही. त्याचे एकूण विजय किती? चोक तीस, एकशे वीस. यॉर्क यांची सरासरी वर्षाला साडेबावीस विजयांची आहे, म्हणजे हे 120 विजय त्यांनी सव्वापाच हंगामांत केले असते. आपला अजिंक्य माणूस आयुष्यभर जिंकून तिथलं सहावं वर्षही पूर्ण करत नाही!

आणि ही झाली विजेत्याची गोष्ट. सोळा संघांपैकी आठ संघ पहिल्याच सामन्यानंतर घरी जातात. म्हणजे दरवर्षी अर्ध्या प्रशिक्षकांच्या नावापुढं शून्य विजय, एक पराभव. त्यातही सोडत कोणाशी लागली यावर सारं. वणीच्या किंवा पुसदच्या कॉलेजला पहिल्याच फेरीत सगळ्यांत तगडा संघ आला, तर त्या वर्षीचं सगळं काम एका सामन्यात संपलं. विजयांचा आकडा प्रशिक्षकाच्या हुशारीइतकाच स्पर्धेच्या रचनेतूनही जन्माला येतो. रचना बदलली की आकड्याचा अर्थ बदलतो.

दुसरी अडचण पदाची. बोस्टनमध्ये हॉकीचा प्रशिक्षक फक्त हॉकी शिकवतो. आपल्या कॉलेजात ‘हॉकी प्रशिक्षक’ असं पदच नसतं. पद असतं शारीरिक शिक्षण संचालकाचं. माणूस एक, खेळ पंधरा. ऑगस्टपासून कबड्डीचा संघ निवडायचा, मग व्हॉलीबॉल, मग क्रॉस कंट्री, मधेच हॉकी, शिवाय कॉलेजचं स्नेहसंमेलन आलं की मंडप आणि शिस्त याही बाबी त्याच्याच अंगावर. अशा माणसाची हॉकीतली कारकीर्द वेगळी काढायची म्हणजे मिसळीतून मटकी निवडण्यासारखं आहे. पण निवडता येते, वेळ द्यावा लागतो.

एक कारकीर्द, दोन विद्यापीठं

आता आपल्या जिल्ह्याकडं येऊ. यवतमाळचं अमोलकचंद महाविद्यालय घ्या, पुसदचं फुलसिंग नाईक महाविद्यालय घ्या, वणीचं लोकमान्य टिळक महाविद्यालय घ्या. ही कॉलेजं आधी नागपूर विद्यापीठाला जोडलेली होती. नागपूर विद्यापीठ 1923 चं. 1 मे 1983 ला अमरावती विद्यापीठ सुरू झालं आणि यवतमाळ जिल्हा तिकडं गेला. 2005 मध्ये त्या विद्यापीठाला संत गाडगे बाबांचं नाव मिळालं.

प्रशासनाच्या दृष्टीनं ही साधी गोष्ट. पण आपल्या हिशेबात तिनं मोठी भेग पाडली. समजा एक सर 1970 ला रुजू झाले आणि 2003 ला निवृत्त झाले. त्यांच्या पहिल्या तेरा वर्षांचे निकाल नागपूरच्या क्रीडा विभागाचे, पुढच्या वीस वर्षांचे अमरावतीचे. माणूस एकाच मैदानावर उभा आहे, पण त्याची कागदपत्रं दोन शहरांत.

आणखी एक. 1980 मध्ये ‘विद्यापीठ विजेता’ म्हणजे काय? तेव्हाच्या सगळ्या विदर्भातली कॉलेजं एका बाजूला आणि तुम्ही एका बाजूला. नागपूर शहरातले, कामठीच्या बाजूचे संघ त्यात आले. 1990 मध्ये ‘विद्यापीठ विजेता’ म्हणजे अमरावती विद्यापीठातला विजेता, म्हणजे पश्चिम विदर्भातला. शब्द तोच, ढाल तशीच, पण कस वेगळा. इतिहासाचा विद्यार्थी असेल तर त्यानं दोन्ही ढाली एका कपाटात ठेवाव्यात, एका रकान्यात ठेवू नयेत.

खेळही बदलत गेला. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून मोठी हॉकी कृत्रिम हिरवळीवर गेली. जिल्ह्याच्या कॉलेजांत पोरं मुरमाच्या मैदानावर खेळत राहिली. मुरमावर चेंडू उसळतो, गवतावर अडतो, हिरवळीवर सरळ पळतो. मुरमावर वर्षभर सराव केलेला संघ पुढच्या फेरीत हिरवळीवर उतरला की पहिली दहा मिनिटं चेंडू ताब्यात घेण्यातच जातात, आणि तेवढ्यात दोन गोल होतात. स्कोअरशीटवर फक्त 0-2 लिहिलेलं राहतं. मैदान कसलं होतं हे लिहिलं नाही, तर तो पराभव प्रशिक्षकाच्या खात्यात जातो.

नियमांचंही तसंच. जुना सामना 35-35 मिनिटांचा, आता पंधरा मिनिटांचे चार भाग. ऑफसाइड होता, तो 1990 च्या दशकात गेला. बरोबरी झाली की पूर्वी पेनल्टी स्ट्रोक मारत, आता आठ सेकंदांचा शूटआउट. मघाशी सांगितलेली बरोबरीची गोष्ट इथं उपयोगी पडते. अमेरिकी कॉलेजांत शूटआउटवर सुटलेला सामना प्रशिक्षकाच्या कारकिर्दीत बरोबरीचाच मोजतात. आपणही तेच करावं. नाहीतर एक जण टायब्रेकरचा विजय मोजेल, दुसरा मोजणार नाही, आणि दोघांची तुलना करणारा तिसरा फसेल.

पदक कोणाच्या खात्यात?

आता सगळ्यांत अवघड भाग. विजय मोजणं इथं लंगडं पडतं म्हटल्यावर आपण दुसरीकडं वळतो: सरांच्या हाताखालून कोण मोठा झाला?

आपल्या सरकारची पद्धत हीच आहे. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार 1985 मध्ये सुरू झाला. पहिल्या वर्षीच्या तिघांत कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत होते, मुष्टियुद्धाचे ओमप्रकाश भारद्वाज होते आणि धावपटू पी. टी. उषा यांचे गुरू ओ. एम. नांबियार होते. इथं प्रशिक्षकाचं मोठेपण शिष्याच्या पदकातून मोजलं जातं. नांबियार म्हटलं की उषा, हे समीकरण त्यातलंच.

या पद्धतीचं सगळ्यांना ठाऊक असलेलं मराठी उदाहरण म्हणजे रमाकांत आचरेकर. क्रिकेटचे, पण मुद्दा सारखाच. 1988 च्या फेब्रुवारीत हॅरिस शिल्डच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रमच्या दोन पोरांनी सेंट झेवियर्सविरुद्ध 664 धावांची अभेद्य भागीदारी केली. विनोद कांबळी नाबाद 349, सचिन तेंडुलकर नाबाद 326. हा आकडा महाराष्ट्रात शेंबड्या पोरालाही पाठ. पण खुद्द आचरेकर सरांची खेळाडू म्हणून प्रथम श्रेणीची आकडेवारी काढा. एक सामना, स्टेट बँकेकडून. त्यांची खरी आकडेवारी दुसऱ्यांच्या नावावर पसरलेली आहे. त्यांना 1990 मध्ये द्रोणाचार्य मिळाला, 2010 मध्ये पद्मश्री.

हॉकीतलं जवळचं उदाहरण मुंबईचे मर्झबान पटेल, म्हणजे सगळ्यांचे ‘बावा’. शाळेतल्या आणि क्लबातल्या मुलांना त्यांनी दशकानुदशकं हॉकी शिकवली. विरेन रस्किन्हा, एड्रियन डिसोझा, युवराज आणि देविंदर हे वाल्मीकी बंधू, ही त्यांच्याकडून गेलेली नावं. रस्किन्हा आणि डिसोझा 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकला खेळले, देविंदर 2016 च्या रिओला. पटेल यांना द्रोणाचार्य मिळाला तो 2019 मध्ये, जीवनगौरव विभागात. त्यांनी शिकवलेल्या मुलांनी ऑलिंपिक गाठलं, म्हणून उशिरा का होईना, कोणीतरी मागं वळून विचारलं: याला स्टिक कोणी धरायला शिकवली?

आता हा प्रश्न यवतमाळला लावू. यवतमाळात जन्मलेला एक गोलरक्षक भारताच्या संघात खेळला, आकाश चिकटे. 2016 मध्ये आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकणाऱ्या संघात तो होता. 2017 च्या ऑक्टोबरात ढाक्याला आशिया चषक जिंकला, त्यात होता. त्याच वर्षी डिसेंबरात भुवनेश्वरला वर्ल्ड लीग फायनलमध्ये भारतानं कांस्य मिळवलं, तिथंही होता. ढाक्याच्या सुवर्णाच्या वेळी भारताचे प्रशिक्षक होते नेदरलँड्सचे शोर्ड मारिन. त्यांनी सूत्रं घेतली होती त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, म्हणजे जेमतेम दीड महिन्यापूर्वी. कारकिर्दीच्या ओळीत आशिया चषक मारिन यांच्या नावापुढं लागतो आणि नियमानं ते योग्यच आहे, सामना त्यांच्या हाताखाली जिंकला. पण गोलरक्षक दीड महिन्यात तयार होत नाही. पॅड बांधायला शिकवणारा, चेंडूला न घाबरता पुढं सरकायला शिकवणारा हात फार आधीचा असतो. आंतरराष्ट्रीय आकडेवारीत त्या हाताला रकानाच नाही.

विद्यापीठांच्या बाबतीतही हेच. मौलाना आझाद ट्रॉफी 1956-57 पासून दिली जाते, ती विद्यापीठाला. गुण विद्यापीठाचे, प्रमाणपत्र खेळाडूचं, ट्रॉफी कुलगुरूंच्या हाती. मधे जो माणूस संघाला जनरल डब्यातून घेऊन गेला, त्याचं नाव स्कोअरशीटच्या तळाशी ‘संघ व्यवस्थापक’ म्हणून सही करण्यापुरतं.

आणि शिष्याच्या पदकानं मोजण्यात एक मोठा अन्यायही आहे. हजारातला एक भारताकडून खेळतो. मग बाकी नऊशे नव्व्याण्णव पोरांना शिकवलं ते वाया गेलं का? पोलिसात लागलेला, फौजेत गेलेला, दुसऱ्या तालुक्यात स्वतः खेळाचा मास्तर झालेला, हे सगळे त्याच मैदानावरचे. कॉलेजच्या प्रशिक्षकाचं मुख्य पीक तेच असतं.

मग वही कशी आखायची?

माझं म्हणणं असं आहे की कॉलेजच्या प्रशिक्षकासाठी एकच आकडा शोधू नये. सहा रकान्यांची वही आखावी.

पहिला रकाना: वर्षं. कोणत्या वर्षी हॉकीचा संघ उतरवला, कोणत्या वर्षी उतरवता आला नाही आणि का. जिल्ह्याच्या ठिकाणी सलग वीस वर्षं अकरा पोरं, अकरा स्टिका आणि एक गोलरक्षकाचा किट जमवणं हाच एक विक्रम आहे. ढाल जिंकण्याइतकाच.

दुसरा: सामने. विजय, पराभव, बरोबरी, टायब्रेकर वेगळा, मैदान मुरमाचं की हिरवळीचं, आणि स्पर्धा नागपूर विद्यापीठाची की अमरावतीची.

तिसरा: कलर होल्डर. विद्यापीठ संघात निवडला गेलेला प्रत्येक खेळाडू, वर्षासह. हा रकाना मला सगळ्यांत भरवशाचा वाटतो. सोडतीच्या नशिबानं संघ पहिल्या फेरीत हरतो, पण निवड समितीच्या नजरेत भरलेला पोरगा तरीही विद्यापीठ संघात जातो. दोन प्रशिक्षकांची तुलना करायचीच असेल तर या रकान्यावर करा.

चौथा: मुलींचा संघ. कधी सुरू झाला, किती वर्षं टिकला. हा रकाना वेगळा ठेवा, नाहीतर तो पहिल्या रकान्याच्या पोटात नाहीसा होतो.

पाचवा: पुढं काय झालं. नोकरी, फौज, पोलीस, शिक्षक, पंच. खासगी माहिती नको, फक्त संख्या आणि क्षेत्र.

सहावा: पुरावा. प्रत्येक नोंदीपुढं कागद कोणता, तो कुठं आहे. पुरावा नसेल तर ‘आठवणीवरून’ असं स्पष्ट लिहा. आठवण खोटी नसते, पण ती गोल वाढवते, हे सगळ्या माजी खेळाडूंना माहीत आहे. तुम्ही हसताय म्हणजे पटलं!

हे कोणासाठी?

कोणी विचारेल, सर तर निवृत्त झाले, काही तर गेले. आता वही आखून काय मिळणार? दोन उत्तरं देतो.

पहिलं उत्तर व्यवहाराचं. महाराष्ट्रात 2005 पासून शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. त्यासाठी क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी होते. राज्यात बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणंही उघडकीला आली आहेत. जिथं मूळ नोंद पक्की नसते, तिथं खोट्याला जागा मिळते आणि खऱ्याला सिद्ध करत बसावं लागतं. ज्यानं खरंच मुरमावर गुडघे फोडून घेतले, त्या पोराच्या बाजूनं उभा राहणारा साक्षीदार म्हणजे स्कोअरशीट. सरांची वही म्हणजे एका अर्थी पोरांचा सातबारा.

दुसरं उत्तर इतिहासाचं. या पश्चिम विदर्भात खेळाची परंपरा काही कालची नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 मध्ये वैद्य बंधूंनी सुरू केलं. 1936 मध्ये त्या मंडळाच्या पथकानं थेट बर्लिनला, ऑलिंपिकच्या वेळी, आपल्या खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली. त्याच बर्लिनमध्ये ध्यानचंद यांच्या संघानं अंतिम सामन्यात जर्मनीला 8-1 असं हरवलं. ही गोष्ट आज आपण छातीठोक सांगू शकतो, कारण मंडळानं आपला इतिहास जपला. संस्था मोठी होती, तिला ते जमलं. कॉलेजच्या एकट्या सरांना ते जमत नाही. त्यांच्या खोलीत एक लोखंडी कपाट असतं. त्यात चेंडू, फाटक्या जाळ्या, जुन्या ढाली आणि खालच्या खणात फायली. सर निवृत्त झाले की कपाटाची किल्ली दुसऱ्याकडं जाते आणि पुढच्या रंगरंगोटीत फायली रद्दीत.

म्हणून इथं बसलेल्या विद्यार्थ्यांना एक काम सांगतो. आपल्या कॉलेजचे वार्षिकांक काढा. त्यात ‘क्रीडा विभागाचा अहवाल’ असतो, दोन पानांचा, कंटाळवाणा. तो वाचा. संघांचे गट-फोटो बघा, खाली नावं असतात, मागं कधी कधी शाईनं तारीख असते. प्रवासभत्त्याची बिलं बघा. संघ कोणत्या तारखेला कुठं गेला हे बिलाइतकं प्रामाणिकपणे दुसरं कोणी सांगत नाही. विद्यापीठाच्या क्रीडा विभागाची निकालपत्रकं मागा, 1983 च्या आधीची नागपूरला, नंतरची अमरावतीला. आणि जे सर अजून आपल्यात आहेत, त्यांच्याकडं वही घेऊन जा. फोटो समोर ठेवा आणि नावं विचारा. फोटो समोर असला की आठवण वाट चुकत नाही.

एका सरांची वही भरायला एका विद्यार्थ्याला एक सत्र पुरेल. जिल्ह्यातल्या दहा कॉलेजांत दहा विद्यार्थी लागले, तर एका वर्षात यवतमाळच्या कॉलेज हॉकीचा पहिला हिशेब उभा राहील. त्यात यॉर्कसारखे 1,123 विजय नसतील. कदाचित 31 विजय, 24 पराभव, 19 कलर होल्डर असं काहीतरी निघेल. हे आकडे मी नमुन्यादाखल सांगतोय, कोणाचेही नाहीत. पण जे निघतील ते खरे असतील, आणि पुढच्या निरोप समारंभात बोलणाऱ्याला ‘असंख्य’ म्हणावं लागणार नाही. तो सरळ संख्या सांगेल, आणि सभागृहात बसलेल्या प्रत्येक माजी खेळाडूला कळेल की त्या संख्येत आपण मोजले गेलो आहोत.

प्रश्न असतील तर जरूर विचारा. आणि कोणाच्या घरी जुन्या संघाचा फोटो असेल, तर आज रात्रीच त्याच्यामागं नावं लिहून ठेवा.